दर फेरीला एक वीत

शिक्षकाच्या हातून जे अपराध घडतात त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. होत असती, तर माझ्या नावापुढे दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या एका दिवसाची नोंद तांबड्या शाईने करावी लागली असती.

आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा तेव्हा रिकामी होती. मराठी शिकविणाऱ्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी शिट्टी अडकविली. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. तीन हजार मीटरच्या शर्यतीसाठी निवडलेल्या मुलींत त्र्यंबकच्या बाजूच्या एका पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती. आमच्या मैदानाची एक फेरी दोनशे मीटरची. म्हणजे शर्यतीला पंधरा फेऱ्या. पहिल्या आठ-नऊ फेऱ्या ही मुलगी अशी धावे की बाकीच्या मुली जागच्या जागी उभ्या आहेत असे वाटावे. मग एकाएकी मागे पडू लागे. विचारले तर खाली मान घालून म्हणे, "सर, डावा गुडघा लई ठणकतो."

मी गुडघा पाहिला. सूज नव्हती, खरचटल्याची खूण नव्हती. पुन्हा धावायला लावले आणि डोळ्यांत तेल घालून पाहिले. कुठे लंगडताना दिसली नाही. मग मी सगळ्या मुलींदेखत म्हणालो, "बाई, गुडघ्याला काही झालेले नाही. जिद्द कमी पडते आहे."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर पुन्हा हजर झाली आणि धावली.

पुढे काय झाले ते मी सांगणारच आहे. परंतु माझे डोळे चुकले होते हे मला ज्या रीतीने कळले, त्या रीतीला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातले एक पान आमच्या नाशिकच्या माणसाने लिहिले आहे. फराळाची बशी हाताशी घेऊन ऐकावा असाच तो आहे. वाचकांनी तेवढा वेळ द्यावा.

•

धावणाऱ्या घोड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. जुन्या चित्रकारांनी चौखूर उधळलेला घोडा काढला तो बहुधा असा: पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, पोट जमिनीला समांतर, अगदी जत्रेतल्या लाकडी घोड्यासारखा. हजारो वर्षे माणसे घोडे पाळीत होती, घोड्यांवर बसून राज्ये घेत होती आणि घालवीत होती. पण धावताना घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटतात काय, आणि सुटत असल्यास नेमके केव्हा, हे खात्रीने सांगणारा एक घोडेस्वार निघाला नाही. पाहणारे कोट्यवधी होते. दिसले मात्र कोणालाच नव्हते.

हा प्रश्न सुटला १८७८ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये. लीलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य गृहस्थाला शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता. त्याने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला हाताशी धरले. मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने कॅमेऱ्यांची ओळ मांडली आणि प्रत्येकाचा दोरा पट्टीवर आडवा ताणला. घोडा धावत आला, एकेक दोरा ओढला गेला, आणि एकामागून एक चित्रे उमटली. चारही पाय सुटत होते खरे, परंतु चित्रकार काढीत तसे ताणलेल्या अवस्थेत नव्हे. ते पोटाखाली गोळा झाले असता घोडा अधांतरी होता! पुढे १८८७ साली मायब्रिजने प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींचे ७८१ चित्रपट्ट प्रसिद्ध केले. त्यांत चालणारी, धावणारी, जिने चढणारी, ओझे उचलणारी माणसे आहेत. रोज आरशात दिसणारे आपले शरीर त्या पट्टांत परक्यासारखे वाटते.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचला. मारे मूळचा वैद्यकीचा माणूस. त्याला चित्रापेक्षा आकडा प्रिय. १८८२ साली त्याने एक बंदूक तयार केली. ती खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर रोखावी आणि चाप ओढावा. गोळीऐवजी सेकंदाला बारा चित्रे निघत. पक्षी जिवंत राही आणि त्याचे उड्डाण हाती सापडे. माणसाच्या चालीसाठी त्याने आणखी एक युक्ती काढली. माणसाला पायापासून डोक्यापर्यंत काळा पोषाख घालायचा आणि हातापायांच्या लांबीवर पांढऱ्या पट्ट्या लावायच्या. काळ्या पडद्यासमोर तो चालू लागला की चित्रात माणूस नाहीसा होई; उरत फक्त पांढऱ्या रेघा. त्या रेघांमधले कोन मोजावेत, अंतरे मोजावीत, काळाशी त्यांचा हिशेब मांडावा.

या काळ्या पोषाखाची आणि पांढऱ्या खुणांची वाचकांनी आठवण ठेवावी. तिची आपल्याला पुन्हा गाठ पडणार आहे.

•

आता आपल्याकडे येऊ. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखविली गेली. हा चमत्कार मनात घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांचे सावेदादा, यांनी विलायतेहून स्वतःसाठी कॅमेरा मागविला. ते आधीपासून छायाचित्रणाच्या धंद्यात होते. कॅमेरा हाती आल्यावर १८९९ साली त्यांनी कशाचे चित्रण केले असेल? हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे! पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे दोन पैलवान त्या फितीत झुंजले, आणि फीत धुण्यासाठी विलायतेला रवाना झाली.

मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. भारतीय माणसाने काढलेल्या पहिल्या चित्रफितीचा विषय देऊळ नव्हता, दरबार नव्हता. दोन माणसांचे लढणारे शरीर होते. कुस्ती पाहणाऱ्याला ठाऊकच आहे की डाव केव्हा पडला हे हजार प्रेक्षकांपैकी नऊशे जणांना कळत नाही. पाठ लागलेली दिसते. ती कशी लागली ते दिसत नाही. सावेदादांच्या मनात मोजमापाचा विचार असेल असे मी म्हणत नाही. परंतु डोळ्यांतून निसटणारी गोष्ट धरून ठेवावी ही ओढ तिथे होतीच.

आणि मग आमचे दादासाहेब. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे नाना व्याप त्यांनी केले. मुंबईत येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्या दिवसापासून दुसरे काही सुचेना. रोज तासन् तास चित्रपट पाहायचे आणि रात्री घरी प्रयोग करीत जागायचे. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच होती. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. ज्या माणसाने पुढे देशाला नवे डोळे दिले, त्याने ते देण्याआधी स्वतःचे गमावून पाहिले होते.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले. चित्रपटाला भांडवल हवे होते. पण हलत्या चित्रांच्या धंद्यात पैसा घालायला तयार कोण होणार? तेव्हा दादासाहेबांनी दादरच्या घरी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने ते चित्रे घेत राहिले. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. घरात मुलेबाळे, माणसांची वर्दळ. सरस्वतीबाईंनी तो एक कोपरा कसा सांभाळला असेल ते त्याच जाणोत. अखेर फीत पडद्यावर लावली तेव्हा मिनिटाभरात बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागला. "अंकुराची वाढ" या नावाने ती फीत ओळखली जाते. ती पाहून सावकाराने पैसे दिले. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये "राजा हरिश्चंद्र" झळकला.

या गोष्टीचा शेवट आपण नेहमी "राजा हरिश्चंद्र"पाशी करतो. मला मात्र त्या कुंडीपाशीच थांबावेसे वाटते. एका महिन्यात सुमारे त्रेचाळीस हजार मिनिटे असतात. दादासाहेबांनी ती एका मिनिटात बसविली. रोप हलते, वाकते, आधार शोधते. परंतु ते इतके सावकाश की आपण त्याला निश्चल समजतो. घोड्याचा पाय फार वेगाने जातो म्हणून दिसत नाही, वाटाण्याचा कोंब फार हळू जातो म्हणून दिसत नाही. चित्र घेण्याचा वेग एक आणि दाखविण्याचा वेग दुसरा ठेवला, की दोन्ही दिसू लागतात. मायब्रिजने घाईला थांबविले. फाळक्यांनी सावकाशीला घाई लावली. तत्त्व एकच.

पुढे दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रशाळा नाशिकला आणली. १९१९ च्या "कालिया मर्दन"मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी कथा सुरू होण्याआधी पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो आणि एकामागून एक भाव पालटत जातात. सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याचा तो अभ्यास आहे. बापाने मुलीकडे इतक्या बारकाईने आणि इतक्या धीराने पाहिल्याचा पुरावा आपल्याकडे दुसरा क्वचितच सापडेल. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांनी देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मी मुलांना तिथे नेतो तेव्हा आधी कुंडीची गोष्ट सांगतो.

•

नुसते दिसणे आणि मोजणे यांत अंतर आहे. ते पार करण्यासाठी माणसांनी काय कष्ट केले ते ऐकले म्हणजे आजच्या सोयीची किंमत कळते.

जर्मनीत लाइपझिग येथे व्हिल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर या दोघांनी एका सैनिकाची चाल मोजली. सैनिकाला काळा पोषाख घातला आणि हातापायांवर विजेने उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या. रात्रीच्या अंधारात तो काही पावले चालला आणि चार कॅमेऱ्यांनी त्या उजेडाच्या रेघा टिपल्या. नुसत्या नळ्या बांधण्यात सहा-सात तास गेले. चित्रे घ्यायला एक रात्र पुरली, मात्र त्यांवरून आकडे काढायला महिने लागले. १८९५ पासून पुढे अनेक वर्षे त्यांचे "माणसाची चाल" या विषयावरचे खंड निघत राहिले. माणूस पहिल्या वर्षी जे शिकतो आणि पुढे आयुष्यभर विसरून जातो, त्याचा हिशेब करण्यात दोन विद्वानांची वर्षे गेली!

अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ हा तरुणपणी गवंडीकाम केलेला माणूस. एक वीट बसविताना गवंडी अठरा हालचाली करतो असे त्याने मोजले आणि त्या पाचांच्या आत आणल्या. तासाला एकशेवीस विटा लावणारा गवंडी साडेतीनशे लावू लागला. पुढे त्याने आणि त्याची पत्नी लिलियन हिने कामगारांच्या बोटांना बारीक दिवे बांधून, शेजारी घड्याळ ठेवून चित्रफिती काढल्या. कामगाराचा शीण कमी व्हावा हाही त्यांचा हेतू होता. परंतु मोजपट्टी कोणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून असते. कामगाराच्या हातातली मोजपट्टी त्याचे श्रम वाचवील. मालकाच्या हातातली त्याच श्रमांतून आणखी विटा काढील.

मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइनला १९२० नंतरच्या वर्षांत अशाच कामावर नेमले होते. हातोडा मारणाऱ्या कामगाराची आदर्श हालचाल कोणती ते शोधून काढावे, म्हणजे सर्वांना तीच शिकविता येईल, अशी अपेक्षा होती. बर्नस्टाइनने कामगाराच्या सांध्यांना दिवे लावले आणि घावामागून घाव चित्रित केले. पाहतो तो, कसबी कामगाराचा हातोडा प्रत्येक वेळी नेमक्या जागी पडतो, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग प्रत्येक घावाला थोडा वेगळा! एक सांधा थोडा चुकला की दुसरा ती चूक भरून काढतो. कसब म्हणजे तेच तेच करणे नव्हे, दर वेळी नव्याने जमवून घेणे, हे त्या दिव्यांच्या ठिपक्यांनी दाखवून दिले. एक आदर्श हालचाल शोधायला बसलेल्या माणसाला तशी हालचालच नाही असे आढळले, आणि ते त्याने लिहून ठेवले.

हे वाचताना मला आमच्या घराजवळच्या तांबट आळीतले ठोके आठवतात. त्यांचा ताल एकसारखा वाटे. पण प्रत्येक ठोक्यामागे हाताने किती तडजोडी केल्या असतील, ते कानाला कसे कळावे?

•

या सगळ्या थोरांचे काम आज शाळकरी पोराच्या खिशातला फोन करतो. माझा एक जुना विद्यार्थी फिजिओथेरपी शिकतो आहे. श्रावणातल्या त्या प्रसंगानंतर आठवडाभराने तो शाळेत भेटायला आला. मी सहज त्या मुलीची तक्रार केली. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तेही आपण धरून चालू. पण तिला पळू द्या, आपण मोजू या."

त्याने मुलींकडून टिकल्यांचे पाकीट मागून घेतले! मुलीने काळी घट्ट विजार घातली होती. खुबा, गुडघा, घोटा आणि चवड्याचे टोक अशा चार ठिकाणी चार पांढऱ्या टिकल्या लागल्या. पॅरिसच्या मारेसाहेबांचा काळा पोषाख आणि पांढऱ्या खुणा आमच्या मैदानावर अशा अवतरल्या. भूमितीच्या तासाची लाकडी मीटरपट्टी आम्ही तिच्या धावण्याच्या रेषेवर आडवी ठेवली. फोन तिकाटण्यावर कमरेच्या उंचीला, रेषेशी बरोबर काटकोनात, दहा-बारा पावले दूर. फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय होती, ती लावली. पहिल्या फेरीला चित्रण केले, पाचव्या फेरीला केले आणि अकराव्या फेरीलाही केले.

पुढचे काम संगणकावर. यासाठी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. किनोव्हिया नावाचे खेळाडूंच्या उपयोगाचे, आणि ट्रॅकर नावाचे, डग्लस ब्राउन या भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले. पडद्यावर आधी मीटरपट्टीची दोन टोके दाखवायची. म्हणजे चित्रातले किती ठिपके म्हणजे एक मीटर ते यंत्राला कळते. मग एकेका चित्रात टिकलीवर खूण करीत जायचे. प्रत्येक चित्र सेकंदाच्या २४० व्या भागाने पुढचे. अंतर कळले, वेळ कळला, की वेग निघतो. तीन टिकल्या जोडल्या की गुडघ्याचा कोन निघतो. माझे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. तरी मला हे सगळे समजले.

यात फसण्याच्या जागाही आहेत. धावणारा पट्टीच्या रेषेपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आला तर मोठा दिसतो आणि माप फुगते. कॅमेरा तिरपा असेल तर कोन खोटे बोलतात. टिकली कातडीवर किंवा कपड्यावर असते आणि हाड आत असते. दोन्ही एकत्र हलतीलच असे नाही. आता टिकली न लावता चित्रातून सांधे आपोआप ओळखणाऱ्या पद्धतीही आल्या आहेत. २०१७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेली एक पद्धत फार गाजली. पण सैल कपडे घातलेल्या माणसापुढे किंवा एका पायाआड दुसरा पाय गेला असता त्याही गोंधळतात. यंत्राला अचूक माहीत असते ते एवढेच, की दोन चित्रांमध्ये किती वेळ गेला.

एवढ्याशा वेळाने काय होते, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी नाशिकचेच उदाहरण देतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत ती पुन्हा याच शर्यतीत धावली. प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिली आली, कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी. सुवर्ण आणि रौप्य यांत अंतर ०.९७ सेकंदाचे. शर्यत २५ फेऱ्यांची. तेव्हा दर फेरीला फरक पडला सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाचा. साध्या व्हिडिओतल्या एका चित्राचा! तिच्या वेगाने तेवढ्या वेळात किती जमीन मागे पडते हे मी वहीत मांडून पाहिले. एकवीस सेंटिमीटर भरली; म्हणजे चारशे मीटरच्या प्रत्येक फेरीला सुमारे एक वीत. शर्यत अशी समान वाटणीने कोणी धावत नसते, हे मला कळते. तरी मी एक दिवस मुलांना मैदानावर नेऊन आपापली वीत जमिनीवर ठेवायला लावली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

•

आता आमच्या मुलीकडे वळतो. पहिल्या फेरीत तिचे दोन्ही पाय जमिनीवर जवळजवळ सारखाच वेळ टेकत होते. पाचव्या फेरीत डाव्या पायाचे टेकणे दोन-तीन चित्रांनी कमी झाले. अकराव्या फेरीत उजवा पाय ६० चित्रे जमिनीवर होता आणि डावा ५२. आठ चित्रांचा फरक. म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. टेकतेवेळी डावा गुडघा उजव्याइतका वाकतही नव्हता. एका पावलाचे असेल म्हणून आम्ही आठ-दहा पावले मोजली. प्रत्येक पावलाला तेच.

शरीर जे करीत होते ते स्पष्ट होते. डाव्या पायावर भार पडला की दुखत होते, म्हणून तो पाय चटका बसल्यासारखा लवकर उचलला जात होता. आणि उजवा त्याचे काम ओढीत होता. बर्नस्टाइनच्या कामगाराप्रमाणे तिचे सांधे एकमेकांची चूक भरून काढीत होते. ते इतक्या चांगल्या रीतीने, की मला लंगडणे दिसले नाही. ती मुलगी दुखणे लपवीत नव्हती. तिचे शरीर इतके शहाणे होते की त्याने ते माझ्यापासून लपविले. आणि मी त्या शहाणपणाला आळस म्हणालो.

आम्ही तिला ती चित्रे दाखविली. स्वतःला धावताना तिने पूर्वी कधी पाहिले नव्हते. प्रथम हसली, तोंडावर हात ठेवला. मग डावा पाय टेकतो आणि उचलतो ते तीनदा मागेपुढे करून पाहिले. म्हणाली, "बघा सर, मी सांगत होते ना?"

त्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

व्हिडिओने रोग सांगितला नाही. ते त्याचे काम नव्हे. त्याने एवढीच साक्ष दिली की ही मुलगी खरे बोलते आहे. मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून धावणे दीड महिना बंद ठेवायला सांगितले आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. त्या वर्षीची स्पर्धा तिला हुकली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्या मुलींसमोर उभा राहिलो आणि जे शब्द सर्वांदेखत बोललो होतो ते सर्वांदेखत मागे घेतले. पंचवीस वर्षे वर्गात बोलत आलो आहे. इतके कठीण भाषण मी दुसरे केलेले नाही.

पुढच्या वर्षी ती धावली. तालुक्यात चौथी आली. ही गोष्ट कादंबरीत असती तर मी तिला पहिली आणली असती; परंतु घडलेले घडले तसेच सांगितले पाहिजे. पंधराव्या फेरीला तिचा वेग पहिल्या फेरीपेक्षा फारसा कमी नव्हता, आणि शर्यत संपल्यावर गुडघा धरून न बसता ती उभी होती. मला ते पुरेसे वाटले.

दीडशे वर्षांच्या या इतिहासाने मला जे दिले ते असे. मायब्रिजपासून आमच्या टिकल्यांपर्यंत सगळ्यांनी एकच केले: झटकन निकाल न देता त्यांनी वेळ लहान लहान तुकड्यांत वाटला आणि प्रत्येक तुकड्याकडे धीराने पाहिले. दादासाहेबांनी एका वाटाण्यासाठी महिना दिला. मी एका मुलीला दहा मिनिटेसुद्धा दिली नव्हती.

यंदाच्या दिवाळीत अंगणात मुले धावतील, फुलबाज्या फिरवतील, किल्ल्यावरून उड्या मारतील. घरात असा फोन असेल तर त्यांचे धावणे एकदा सावकाश करून पाहा, मजा वाटेल. आणि एखादे लेकरू पाय दुखतो म्हणून मागे राहिले, तर फोन शोधायला जाण्याआधी त्याचे म्हणणे खरे धरा. मोजायला मागाहून सवड मिळतेच.

आमच्या मीटरपट्टीच्या एका टोकाला एक पांढरी टिकली चिकटून राहिली आहे. भूमितीच्या तासाला मुले ती कसली म्हणून विचारतात. मी ती काढलेली नाही.